शेतरस्ता, पाणंद, गायरान, गड आणि किनारा: वाट कुणाची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागायच्या आधी पंधरा दिवस तहसील कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गर्दी वाढते. त्यातल्या निम्म्या लोकांच्या हातात एकच तक्रार असते: ट्रॅक्टर आत जात नाही. मी काही वर्षं अशा लोकांना अर्ज लिहून देतो आहे. विचारले जाणारे प्रश्न तेच तेच असतात, म्हणून ते इथे एकत्र केले. कायदा महाराष्ट्राचा आहे. गोव्याबद्दल एक प्रश्न आहे, कारण तिकडच्या नातेवाइकांच्या जमिनीबद्दलही लोक विचारतात.

माझ्या सातबाऱ्यावर रस्त्याचा उल्लेखच नाही. म्हणजे कायद्याने मला रस्ता नाही का?

नाही, तसं अजिबात नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सातबारा सांगतो जमीन कुणाच्या ताब्यात, किती क्षेत्र, काय आकार, कुणाचा बोजा. वाट कुठून जाते हे सांगायचं काम त्याचं नव्हतंच, ते गावनकाशाचं. शेजारी छातीठोकपणे म्हणतो, "दाखव माझ्या उताऱ्यावर तुझा रस्ता!" आणि आपला माणूस गप्प बसतो. गप्प बसू नका. भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून गावनकाशाची प्रमाणित नक्कल काढा आणि मग बोला.

सातबाऱ्यात एक गोष्ट मात्र जरूर बघा: पोटखराब, म्हणजे लागवडीखाली न धरलेलं क्षेत्र. त्याचे दोन वर्ग असतात. 'अ' म्हणजे खडकाळ, लागवडीला नालायक तुकडा. 'ब' म्हणजे रस्ता, नाला, तळं अशा सार्वजनिक कारणासाठी सोडलेली जागा. शेजाऱ्याच्या गटात पोटखराब 'ब' दिसलं, तर तिथून काहीतरी जात होतं, हे सरकारी कागदच कबूल करतो आहे.

मे २०२५ मध्ये शासनाने निर्णय काढला की यापुढे मिळणाऱ्या शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात घ्यायची. उशिरा का होईना, शहाणपणाचं काम झालं. आज आदेश होतो, दहा वर्षांनी जमीन विकली जाते, आणि नवा मालक म्हणतो, मला काही ठाऊक नाही. त्यामुळे आदेश हातात आला की फेरफार होऊन नोंद उताऱ्यावर उतरली का, हे स्वतः बघा. कचेरी आपोआप करेल या भरवशावर राहू नका.

गावनकाशावरच्या तुटक रेघा वाचायच्या कशा?

एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारे ग्रामीण रस्ते दुहेरी तुटक रेघेने दाखवतात. हे जमाबंदीतून (साऱ्याच्या आकारणीतून) वगळलेले असतात, त्यांना सर्व्हे नंबर नसतो, म्हणजे ते कुणाच्याच उताऱ्यात नसतात. गाडीमार्गही दुहेरी तुटक रेघेनेच दाखवतात, पण तो ज्या सर्व्हे नंबरातून जातो त्याच्या पोटखराबात धरलेला असतो. पायमार्ग एकेरी तुटक रेघेने.

रुंदी ठरलेली आहे. पायमार्ग सव्वाआठ फूट, गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फूट. हे आकडे ऐकून लोक हसतात, सव्वाआठ कुठून आणले म्हणून. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. चार आणे म्हणजे सव्वाआठ फूट, आठ आणे म्हणजे साडेसोळा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, १,०८९ चौरस फूट. इंग्रजांच्या काळातला मोजणीदार आपल्या बांधावर आजही असा उभा आहे.

मोबाइलवर जो नकाशा दिसतो त्यात गटाच्या हद्दी छान दिसतात, पण तुटक रेघ दिसेलच असं नाही. वादात तेवढ्यावर विसंबू नका. आणि तुमच्या गावात जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण होऊन सर्व्हे नंबरांचे गट झाले असतील, तर एकत्रीकरणापूर्वीचा नकाशाही काढा. कैक वाटा त्याच वेळी कागदावरून पुसल्या गेल्या.

जुनी वाट होती. शेजाऱ्याने ती नांगरली, काट्या टाकल्या, चर खणला. कुठे जायचं?

तहसीलदाराकडे. पण कोणत्या कायद्याखाली, हे नीट समजून घ्या, कारण इथे चुकलात तर वर्ष फुकट जातं.

असलेली वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५(२). कचेरीत याला 'कलम पाचचा दावा' म्हणतात. तहसीलदार (मामलेदार हे त्याचंच जुनं नाव) इथे न्यायालय म्हणून बसतो. पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला असेल तरी याच कायद्याने दाद मागता येते. अडथळा काढायचा आदेश होतो, आणि पुन्हा अडवू नये म्हणून मनाईही मिळते.

मुदत सहा महिने. अडथळा झाल्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. हे वाक्य मी लोकांना मोठ्याने वाचायला लावतो. कारण गावात काय होतं? दिवाळीत वाट अडते. आधी भावकी बसते. मग पोलीस पाटील, मग सरपंच. मग "पीक निघू दे, मग बघू." मग लग्नसराई. ज्येष्ठात माणूस कचेरीत येतो तेव्हा आठवा महिना लागलेला असतो, आणि समोरच्या वकिलाला वाटेबद्दल चकार शब्द काढावा लागत नाही, फक्त तारीख दाखवायची. समेटाची बोलणी जरूर करा, पण दावा दाखल करून करा. दावा मागे घेता येतो, गेलेली मुदत परत येत नाही.

अर्जात अडथळ्याची तारीख स्पष्ट लिहा. 'काही दिवसांपूर्वी' असं मोघम लिहिलेले अर्ज मी रद्दीत जाताना पाहिले आहेत. अडवल्याचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. वाट कुठून निघते, कोणकोणत्या गटांतून जाते, कुठे संपते, याचा हाताने काढलेला कच्चा नकाशा जोडा, आणि वाट ज्यांच्या गटांतून जाते त्या सगळ्यांना जाबदेणार (प्रतिवादी) करा. एकाचं नाव राहिलं की तोच पुढे उभा राहतो.

सहा महिने होऊन गेले. आता सगळं संपलं?

मामलेदाराचं दार बंद झालं, दिवाणी न्यायालयाचं उघडं आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२, कलम १५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून वाट वापरली असेल तर ती तुमची होते. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. पण इथेही एक खाच आहे: ही वीस वर्षं दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांत संपलेली हवीत. म्हणजे "आजोबांच्या काळात होती, पाच वर्षांपूर्वी अडवली" एवढ्यावर हे कलम तारत नाही.

दुसरा आधार निकडीचा, कलम १३. एकाच मालकाच्या जमिनीचे वाटप किंवा विक्री झाली आणि तुमचा तुकडा आत अडकला, दुसरी वाटच नाही, तर मूळ जमिनीतून वाट मागता येते. भावाभावांच्या वाटण्यांत हे नेहमीचं. वाटणीपत्र करताना सोन्याच्या तोळ्यांचा हिशोब होतो, रस्त्याची एक ओळ लिहायची राहते.

शेजारी परवानगीने जाऊ देत होता, असं सिद्ध झालं तर मात्र वीस काय, चाळीस वर्षंही उपयोगाची नाहीत. "दादा, जाऊ का?" असं विचारून जाणं वेगळं आणि हक्काने जाणं वेगळं.

माझ्या शेताला वाट कधीच नव्हती. नवी मिळेल का?

मिळते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६, कलम १४३. इथे तहसीलदार दुसऱ्यांच्या सर्व्हे नंबरांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून (विदर्भात धुऱ्यावरून), वाट देऊ शकतो. शेतकऱ्याला शेतात जायची वाजवी सोय आहे की नाही, हे त्याने बघायचं असतं. शेजाऱ्याच्या वावराच्या मधोमध कर्ण काढून जवळचा रस्ता मागणाऱ्यांना हे कलम उपयोगी नाही. बांध लांबून जात असला तरी बांधच.

अर्जासोबत तुमच्या आणि लगतच्या गटांचे चालू सातबारे, कच्चा नकाशा, मोजणी झाली असेल तर मोजणीचा नकाशा. नोटिसा निघतात, मंडळ अधिकारी किंवा स्वतः तहसीलदार स्थळपाहणी करतात, पंचनामा होतो. पाहणीच्या दिवशी शेतात हजर राहा. तुमच्या शेताला दुसरीकडून वाट आहे का, हे तिथेच बघितलं जातं. असेल तर अर्ज बहुधा जातो, मग ती वाट गैरसोयीची का असेना.

एकाच अर्जात "जुनी वाट खुली करा, नाहीतर नवी द्या" असं लिहू नका. कलम पाच म्हणतं वाट होती, कलम १४३ म्हणतं वाट हवी आहे. दोन्ही एका कागदावर आलं की समोरचा विचारतो, होती की नव्हती ते आधी ठरवा.

रुंदी किती मिळते? ट्रॅक्टर, हार्वेस्टर जाईल?

पूर्वी दोन्ही बाजूंनी चार-चार फूट धरून आठ फुटांचे आदेश व्हायचे, कारण हिशोब बैलगाडीचा होता. मे २०२५च्या निर्णयात तीन ते चार मीटरचा उल्लेख आहे आणि अर्ज नव्वद दिवसांत निकाली काढायलाही सांगितलं आहे. जिथे बांधच अरुंद आहे तिथे प्रत्यक्ष जागा बघून ठरतं. हार्वेस्टरसाठी वेगळा हक्क नाही.

तहसीलदाराने विरुद्ध निकाल दिला तर?

कलम १४३च्या निर्णयाविरुद्ध महसुली अपील करता येतं, किंवा एका वर्षाच्या आत दिवाणी दावा. दोन्ही हातात धरता येत नाहीत: दावा लावला की अपिलाचा आणि फेरतपासणीचा मार्ग बंद. कलम पाचच्या निकालावर अपील नाही, फेरतपासणी आहे, ती बहुतेक ठिकाणी प्रांताकडे चालते.

आमची पाणंदच (शेतांमधून जाणारी गावची सार्वजनिक वाट) गायब आहे. दोन्हीकडच्यांनी थोडी थोडी खाल्ली.

नकाशावर असेल तर मोजणी मागा. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, पायवाटा, नदीनाल्यांची पात्रं, तळी कुणाच्या खासगी मालकीची नाहीत, ती सगळी राज्य शासनाची. शासनाच्या जमिनीवरचं अतिक्रमण कलम ५० खाली काढता येतं, आणि इथे सहा महिन्यांचा प्रश्न येत नाही. ग्रामपंचायतीलाही १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलम ५३ने सार्वजनिक रस्त्यावरचा अडथळा हटवायचा अधिकार आहे. तो ती वापरत का नाही, याचं उत्तर मतदार यादीत सापडतं.

पाणंद (विदर्भात पांदण) मोकळी झाली की खडीकरण-मुरुमीकरणासाठी ११ नोव्हेंबर २०२१च्या निर्णयाने सुरू झालेली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आहे, रोजगार हमीशी जोडलेली. लोकांनी आपापसांत मोकळी करून दिलेली पाणंद पावसाळ्यापूर्वी पक्की करून घ्या. मातीची राहिली की दोन वर्षांत बांध पुन्हा सरकतात.

गायरान ग्रामपंचायतीच्या मालकीचं असतं ना?

नाही. मालकी शासनाची, देखभाल ग्रामपंचायतीची. गावच्या गुरांना फुकट चरायला म्हणून जिल्हाधिकाऱ्याने जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे राखून ठेवलेली ती जमीन. सरपंचाने ठराव केला म्हणून ती कुणाला देता येत नाही, भाडेपट्ट्यानेही नाही. नंतर आलेल्या कलम २२-अ ने गायरानाचा दुसरा वापर करायलाच बंदी घातली. अपवाद आहे तो सार्वजनिक प्रयोजनाचा, आणि तोही दुसरी योग्य जमीन मिळत नसेल तर.

२८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात निकाल दिला. वाद पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावच्या तळ्याचा होता, भराव टाकून घरं बांधली होती. पैसे भरून ती नियमित करायची परवानगी जिल्हाधिकाऱ्याने दिली होती, न्यायालयाने ती मानली नाही आणि सगळ्या राज्यांना गावच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवायची योजना करायला सांगितलं. महाराष्ट्राचा शासन निर्णय १२ जुलै २०११ला आला. त्या निकालातच एक दार किलकिलं ठेवलं आहे: भूमिहीन मजूर, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेला पट्टा, किंवा शाळा-दवाखान्यासारखी सोय. ते विसरून चालणार नाही. मराठवाड्यात गायरान कसून पोट भरणारी दलित कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हक्कासाठी लढत आली आहेत. त्यांचा एकर आणि रस्त्याकडेला गाळे बांधून भाडं खाणाऱ्याचा गुंठा, दोन्हीला 'अतिक्रमण' हा एकच शब्द वापरला जातो. मला तो पटत नाही.

गावात कुणाचं अतिक्रमण नोंदलेलं आहे हे गाव नमुना १-ई मध्ये दिसतं. तलाठी (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) यांच्याकडे मागा.

सदस्याचंच घर गायरानात आहे. काही होतं का?

होतं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) प्रमाणे सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा सदस्य राहू शकत नाही. अतिक्रमण वडिलांनी केलं, मी नुसता राहतो, ही सबब सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फेटाळली. तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे करायची. निवडणुकीच्या तोंडावर हे कलम अचानक सगळ्यांना पाठ होतं.

आम्ही विदर्भातले. आमच्याकडे 'निस्तार' म्हणतात, ते काय?

तुमच्याकडे कागद जास्त बोलका आहे. जुन्या मध्य प्रांताच्या परंपरेतून आलेलं निस्तार पत्रक (जमीन महसूल अधिनियम, कलम १६१) गावातल्या बिनभोगवट्याच्या, म्हणजे कुणाच्या ताब्यात नसलेल्या, जमिनीवर गुरं चारणं, सरपण, माती-मुरूम नेणं हे कुणी, कसं करायचं ते लिहून ठेवतं. शिवाय वाजिब-उल-अर्ज (कलम १६५): त्यात गावातल्या रूढी, वाटेचे आणि पाण्याचे हक्क नोंदवलेले असतात. वाटेच्या दाव्यात हा कागद जोडलेला मी फार क्वचित पाहिला. तो काढा. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तोही जुने निस्तार हक्क चिकाटीने मांडल्यामुळे.

गडावर जायला कुणी अडवू शकतं का?

राष्ट्रीय संरक्षित स्मारक असेल तर १९५८च्या पुरातत्त्व कायद्याचं कलम १८ जनतेला प्रवेशाचा हक्क देतं, नियमांच्या अधीन राहून. वेळ, तिकीट, बंद ठेवलेला भाग हे नियमात येतं. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतला जिंजी केंद्राकडे आहेत. साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे.

हक्क गडाचा आहे, पायथ्याच्या शेताचा नाही. वाट खासगी वावरातून जात असेल तर शेतकऱ्याने कुंपण घातलं म्हणून त्याच्याशी भांडू नका. त्याच्या भातखाचरातून दर रविवारी दोनशे बूट जातात, त्यालाही काही म्हणायचं असेल.

आणि जंगलातली वाट?

राखीव वनात विनापरवाना शिरणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७, कलम २६ खाली गुन्हा होऊ शकतो. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२, कलम २७ लागू होतं: परवाना हवा. आतल्या जमिनीचे हक्कदार आणि सार्वजनिक हमरस्त्याने नुसते पार होणारे सुटतात. हरिश्चंद्रगड, कळसूबाई अभयारण्यात आहेत, त्यामुळे नाक्यावरची पावती मागितली तर वाद घालू नका, पावती मात्र घ्या. स्वीडन-नॉर्वेत कुणाच्याही रानातून हिंडायचा हक्क आहे तसा आपल्याकडे नाही.

रिसॉर्टवाला म्हणतो समोरचा किनारा आमचा. खरं?

खोटं. भरतीच्या उच्चतम रेषेखालचा समुद्रतळ आणि खाड्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम २० नेच शासनाच्या. किनारपट्टी नियमनाच्या अधिसूचनेत दोन रिसॉर्टांमध्ये किनाऱ्यावर जायला निदान वीस मीटरची मोकळी जागा सोडायची अट घातलेली आहे. वाळूवर खुर्च्या मांडून पैसे मागणाऱ्याला परवाना विचारा. किनाऱ्यापर्यंत पोचायची वाट माडाच्या खासगी वाडीतून असेल तर मात्र पुन्हा वहिवाटीचाच प्रश्न.

गोव्यातली कोमुनिदादची जमीन सरकारी असते का?

नाही. ती गावकारांच्या (गावच्या मूळ घराण्यांच्या) संस्थेची सामायिक मालमत्ता, पोर्तुगीज राजवटीतल्या १९६१च्या संहितेने चालणारी. महाराष्ट्रातल्या गायरानाचे नियम तिथे लावू नका.

एवढे कागद काढायला मला कोण दारात उभं करेल?

जमीन महसूल अधिनियमाचं कलम ३२७ म्हणतं की नकाशे आणि भूमी अभिलेख लोकांना पाहायला खुले आहेत. साहेब जागेवर नाहीत, नकाशा फाटलाय, पुढच्या सोमवारी या, असं दोनदा ऐकलं की माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत (महाराष्ट्राच्या नियमात ही मर्यादा आहे), उत्तराची मुदत तीस दिवस. "माझ्यावर अन्याय झाला" असं लिहू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. "मौजे अमुक, गट नंबर तमुक, गावनकाशाची आणि एकत्रीकरणापूर्वीच्या नकाशाची प्रमाणित नक्कल" एवढंच लिहा. कलम पाचची मुदत चालू असेल तर या नकलेची वाट बघत बसू नका. दावा आधी दाखल करा, नक्कल मागाहून जोडता येते.